अल्हंब्राच्या भिंती वाचताना

स्पेनच्या दक्षिणेला ग्रॅनाडा नावाचं शहर आहे. शहराच्या मागे सिएरा नेवाडाचे बर्फाचे डोंगर आणि पुढे सपाट, सुपीक रान. या दोहोंच्या मध्ये, दारो नावाच्या छोट्याशा नदीच्या काठावर एक लांबट टेकडी आहे. तिच्यावर अल्हंब्रा उभा आहे. मूळ अरबी शब्द 'अल-हमरा', म्हणजे तांबडी. नावाच्या बाबतीत तो आपल्या दिल्लीच्या लाल किल्ल्याचा भाऊच म्हणायचा. पण दिल्लीचा किल्ला तांबड्या दगडाचा, आणि हा बराचसा तांबड्या मातीचा. माती, चुना आणि खडी साच्यात भरून, धुमसून उभ्या केलेल्या या भिंती आहेत. सात-आठशे वर्षांचं ऊनपाऊस खाऊन त्या अजून उभ्या आहेत.

मी आणि माझे पती एप्रिल महिन्यात तिथे गेलो. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि मी कविता लिहिणारी. त्यामुळे एकाच ठिकाणी आम्ही दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या. ह्यांनी पाणी पाहिलं, मी अक्षरं पाहिली. संध्याकाळी खोलीवर बसून बोलताना लक्षात आलं, की अल्हंब्रा समजून घ्यायला दोन्ही लागतात.

आधी थोडा इतिहास. इसवी सन १२३८ मध्ये मुहम्मद इब्न अल-अहमर हा सरदार ग्रॅनाडाचा सुलतान झाला. त्याचं घराणं ते नासरी घराणं. त्या वेळी स्पेनमधली मुसलमानांची राज्यं एकामागून एक पडत होती. १२३६ मध्ये कोर्दोबा पडलं, १२४८ मध्ये सेव्हिल पडलं. ग्रॅनाडा टिकलं, ते तलवारीपेक्षा तडजोडीवर. या सुलतानानं कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाचं मांडलिकत्व पत्करलं, खंडणी भरली, आणि सेव्हिल जिंकताना त्या राजाच्या मदतीला आपली फौजही दिली. म्हणजे मुसलमान शहर जिंकायला मुसलमान सुलतानाचे घोडेस्वार. इतिहास शाळेच्या पुस्तकातल्यासारखा दोन रंगांत कधीच नसतो.

अशा या मांडलिक घराण्यानं अडीचशे वर्षं राज्य केलं आणि त्या काळात अल्हंब्रा वाढत गेला. आज आपण जे राजवाडे पाहतो ते मुख्यतः चौदाव्या शतकातले. पहिला युसुफ आणि त्याचा मुलगा पाचवा मुहम्मद या दोन सुलतानांचं ते काम.

नासरी राजवाड्यात शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली तर प्रवेश नाही. आत गेल्यावर पहिल्यांदा आश्चर्य वाटतं ते हे, की इथे महागडं असं फारसं काही नाही. खांब आणि कारंज्यांची कुंडं संगमरवराची. बाकी सगळं माती, विटा, लाकूड, रंगीत फरशा आणि गच्चीसारखा पांढरा जिप्सम. या साध्या गिलाव्यावर कारागिरांनी नक्षी कोरली, साच्यातून काढली, रंगवली. वकिलांना भेटण्यासाठी सुलतान ज्या दालनात बसे, तिथलं छत आठ हजारांवर लाकडी तुकडे जोडून केलेलं आहे. एकावर एक सात आसमान त्यात दाखवले आहेत. मान वर करून पाहत राहावं आणि मान अवघडली की खाली बघावं, तर भिंतींवर अक्षरं.

अक्षरं किती म्हणाल? दारावर, कमानीवर, कोनाड्यात, खांबाच्या माथ्यावर, कारंज्याच्या काठावर, जिथे नजर जाईल तिथे. काही कुराणातली वचनं आहेत, काही सुलतानाची स्तुती आहे, काही दुवा आहेत. आणि सर्वांत जास्त वेळा येतं ते नासरी घराण्याचं ब्रीदवाक्य. ते प्रथम माझ्या पतींना दिसलं. "अगं, हा बघ इथे गालिब!" ते एकदम मोठ्यानं म्हणाले. खरंच गालिब होता. 'व ला गालिब इल्लल्लाह.' अल्लाहशिवाय विजयी कोणी नाही. आपण ज्यांना मिर्झा गालिब म्हणून ओळखतो त्यांनी टोपणनाव म्हणून घेतलेला हाच शब्द. गालिब म्हणजे जो वरचढ ठरतो, जिंकतो तो. एकदा डोळ्यांना ओळख पटल्यावर आम्हाला तो सगळीकडे दिसू लागला. खंडणी भरून राज्य राखणाऱ्या घराण्यानं 'विजयी कोणी नाही' हे वाक्य भिंतीभर लिहून ठेवावं, यातली नम्रता किती आणि स्वतःची समजूत किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही दोघंही लहानपणी मोहल्ल्यात अरबी शिकायला गेलो. अलिफ, बे, ते घोकलं, कुराण वाचायला शिकलो. पण वाचायला म्हणजे उच्चारायला. अर्थ समजून घेण्याची भाषा म्हणून अरबी आम्हाला कोणी शिकवली नाही. भारतातल्या बहुतेक मुसलमान घरांत असंच असतं. म्हणून अल्हंब्राच्या भिंतीपुढे माझी स्थिती मोठी चमत्कारिक झाली. शेजारच्या जपानी पाहुण्याला ती नुसती नक्षी दिसत होती, मला ती अक्षरं दिसत होती, शब्द तुटकतुटक ऐकूही येत होते, आणि तरी मजकूर कळत नव्हता. अर्थासाठी मलाही त्या जपानी माणसासारखं पुस्तकाच्या दुकानातच जावं लागलं. होसे मिगेल पुएर्ता विल्चेस या स्पॅनिश अभ्यासकानं अल्हंब्रातले लेख दालनागणिक वाचून त्यांचे अर्थ दिलेले आहेत. त्यांच्या आधारानं दुसऱ्या दिवशी मी ऐकलेल्या शब्दांचे अर्थ लावत बसले.

आणि मग कळलं की या भिंतींवर खऱ्याखुऱ्या कविता आहेत. नुसती वचनं नव्हेत, तर वृत्तात बांधलेल्या, त्या त्या जागेसाठी लिहून घेतलेल्या. सिंहांच्या चौकात बारा संगमरवरी सिंह पाठीवर एक मोठं कुंड घेऊन उभे आहेत. त्या कुंडाच्या काठावर गोल फिरत जाणारी बारा बैतांची कविता कोरलेली आहे. बाजूच्या दोन बहिणींच्या दालनात चोवीस बैतांची कविता भिंतीभोवती फिरते. यातली मौज अशी, की इथल्या कितीतरी कवितांत कवी बोलत नाही, दालन स्वतः बोलतं. कोनाडा बोलतो, कमान बोलते, 'मी' म्हणून स्वतःची ओळख करून देते. कोनाड्यात पाण्याची सुरई ठेवायची, तर कोनाडा त्या सुरईविषयी बोलतो. कुंडावरची कविता वाहत्या पाण्याविषयी आणि न वाहणाऱ्या दगडाविषयी बोलते, आणि दोघांतलं कोण वाहतंय हे पाहणाऱ्याला कळू नये असा खेळ करते. आपल्याकडे ताम्रपट, शिलालेख आहेत, पण त्यात राजा बोलतो. घरच बोलतंय अशी घरं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

या दोन्ही कविता ज्याच्या, त्याचं नाव इब्न झमरक. ग्रॅनाडातल्या गरीब घरात १३३३ मध्ये जन्मलेला हा मुलगा हुशारीवर वर चढला आणि सुलतानाचा वजीर झाला. त्याचा गुरू इब्न अल-खतीब. तोही वजीर, कवी, इतिहासकार, वैद्य. पुढे गुरूवर सुलतानाची मर्जी फिरली आणि तो पळून मोरोक्कोत गेला. त्याच्यावर पाखंडाचे आरोप ठेवण्यात आले. ते आरोप लावून धरण्यात हा शिष्यच पुढे होता. १३७४ मध्ये फेज शहराच्या तुरुंगात इब्न अल-खतीबचा गळा आवळण्यात आला. पुढे वीसेक वर्षांनी इब्न झमरकलाही मारेकऱ्यांनी त्याच्याच घरात मारलं. भिंतीवर त्याची अक्षरं इतकी शांत, इतकी सुंदर. लिहिणाऱ्या माणसानं या गोष्टीपाशी जरा थांबावं. ओळ चांगली आहे म्हणून ओळ लिहिणारा चांगला होता, असं धरून चालता येत नाही.

आता पाण्याकडे येते, कारण ह्यांनी मला ते सोडू दिलं नाही. टेकडी उंच, नदी खाली, मग एवढ्या कारंज्यांना पाणी आणलं कुठून? ह्यांनी दोन तासांत याचा माग काढला. दारो नदीच्या वरच्या अंगाला साधारण सहा किलोमीटरवर बांध घालून पाणी अडवलं आणि डोंगराच्या कडेकडेनं, अगदी हलका उतार ठेवत पाटानं टेकडीवर आणलं. पंप नाही, जोर नाही, नुसता उतार. आपल्याकडे मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी शहरासाठी, म्हणजे पुढच्या औरंगाबाद आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, नहर-ए-अंबरी बांधली, तीही उताराच्याच हिशेबावर. त्या शहरात ह्यांची अनेक वर्षं नोकरी झाली. त्यामुळे अल्हंब्राचा पाट पाहून यांना जुना सहकारी भेटल्यासारखं झालं.

राजवाड्याच्या वरच्या बागेत एक दगडी जिना आहे. त्याच्या कठड्यावर हात ठेवायला जावं तर कठड्यातून पाणी वाहत असतं. लोक हात ओले करत चढतात. दुसरीकडे कोमारेस राजवाड्यात लांबलचक हौद आहे. त्यात दोन्ही टोकांकडून पाणी येतं, पण ते आधी लहान गोल कुंडांत आणि अरुंद वाटेत रेंगाळवून, त्याचा जोर मोडून आत सोडलेलं आहे. म्हणून हौदावर लाट उठत नाही आणि मनोरा पाण्यात आरशासारखा दिसतो. "सुंदर दिसावं म्हणून पाणी संथ करणं, हे आमच्या खात्यात कोणी शिकवलं नाही," हे म्हणाले.

त्या पाटाला स्पॅनिशमध्ये 'आसेकिया' म्हणतात. हा शब्द अरबी 'साकिया'वरून आला. पाणी पाजणारी ती साकिया. गझल ऐकणाऱ्यांना ओळखीचा असलेला 'साकी' याच धातूतला. स्पॅनिश भाषेत असे हजारो शब्द आहेत. 'आदुआना' म्हणजे जकात कचेरी, तिच्या मुळाशी आपला दिवाण आहे. 'अल्काल्दे' म्हणजे नगराध्यक्ष, त्याच्या मुळाशी काजी आहे. 'आसुकार' म्हणजे साखर, आणि 'नारांखा' म्हणजे संत्रं, आपलं नारिंग. हे शेवटचे दोन तर आपल्याकडूनच गेलेले. संस्कृतातल्या शर्करा आणि नारंग यांनी फारसी आणि अरबीचं बोट धरून स्पेन गाठलं. 'असं झालं तर बरं' या अर्थानं स्पॅनिश माणूस 'ओखाला' म्हणतो, त्यात अल्लाहची इच्छा दडलेली आहे, आणि म्हणणाऱ्याच्या ते गावीही नसतं.

शब्द राहिले. पण ती भाषा बोलणारी माणसं कुठे गेली? हा प्रश्न मला त्या भिंतींनी विचारला आणि याचं उत्तर राजवाड्यात मिळत नाही. ते बाहेर शोधावं लागतं.

२ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान अबू अब्दुल्ला, ज्याला स्पॅनिश लोक बोअब्दिल म्हणतात, त्यानं अल्हंब्रा राणी इसाबेल आणि राजा फर्डिनंड यांच्या हवाली केला. तहात लिहून दिलं होतं की मुसलमानांचा धर्म, मशिदी, मालमत्ता, कायदा यांना हात लागणार नाही. त्याच वर्षी ३१ मार्चला अल्हंब्रातूनच फर्मान निघालं की ज्यूंनी ख्रिस्ती व्हावं, नाहीतर देश सोडावा. मुसलमानांची पाळी सात-आठ वर्षांनी आली. कार्डिनल सिस्नेरोस यांनी सक्तीचं धर्मांतर सुरू केलं आणि १५०० च्या सुमारास ग्रॅनाडाच्या बिब-रांब्ला चौकात अरबी पुस्तकांची होळी केली. वैद्यकाची पुस्तकं तेवढी वगळली. आज त्या चौकात फुलांची दुकानं आहेत. धर्म बदलायला लावलेल्या या मुसलमानांना 'मोरिस्को' हे नाव पडलं.

पण राजवाडा मात्र जिंकणाऱ्यांना आवडला. त्यांनी तो पाडला नाही. उलट त्याच शहरातले मुसलमान कारागीर लावून गिलावा दुरुस्त करून घेतला. पुढे सम्राट पाचवा चार्ल्स यानं १५२७ मध्ये अल्हंब्राच्या मधोमध आपला स्वतःचा चौकोनी दगडी महाल बांधायला घेतला. त्याचा खर्च बराचसा मोरिस्कोंवरच्या करांतून निघत होता. मोरिस्कोंनी बंड केलं, कर थांबला आणि महाल अर्धवट राहिला. त्याच्यावर पुरतं छप्पर पडायला विसावं शतक उजाडावं लागलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारं सांगितलं, ती सांगते. ग्रॅनाडात आलोन्सो देल कास्तिल्यो नावाचा एक मोरिस्को वैद्य होता. अल्हंब्राच्या भिंतींवर काय लिहिलंय हे नव्या मालकांना कळत नव्हतं. १५६४ च्या सुमारास या वैद्याला ते काम मिळालं. त्यानं भिंतींवरचे लेख उतरवून घेतले आणि स्पॅनिशमध्ये त्यांचा अर्थ लिहिला. पुढे भिंतींवरून नाहीशा झालेल्या काही ओळी त्याच्या नकलेमुळेच आज ठाऊक आहेत. आणि १ जानेवारी १५६७ रोजी याच शहरात दवंडी पिटली गेली, की मोरिस्कोंनी तीन वर्षांत कॅस्टिलची भाषा शिकावी. त्यानंतर अरबी बोलणं, लिहिणं, वाचणं बंद. घरातसुद्धा बंद. त्यांचे कपडे बंद, त्यांची हमामखाने बंद. भिंतीवरची अरबी हवी होती म्हणून तिचा अर्थ लावून घेतला, आणि तोंडातली अरबी नको होती म्हणून तिच्यावर बंदी घातली. दोन्हींमध्ये अंतर अवघं तीन वर्षांचं.

त्या वेळी फ्रान्सिस्को नुन्येस मुले नावाच्या एका वयोवृद्ध मोरिस्को सरदारानं सरकारकडे अर्ज केला. त्याचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. भाषा आणि वेश म्हणजे धर्म नव्हे, असं त्यानं सांगितलं. पूर्वेकडचे ख्रिस्ती लोक अरबी बोलतात आणि तरी ख्रिस्तीच असतात, मग आमच्या भाषेची भीती का? ज्या म्हाताऱ्यांना दुसरी भाषाच येत नाही त्यांनी तीन वर्षांत ती शिकायची कशी? अर्जाचा उपयोग झाला नाही. १५६८ च्या अखेरीस बंड पेटलं, १५७१ पर्यंत ते मोडून काढलं गेलं, ग्रॅनाडाचे मोरिस्को देशभर विखरून टाकले गेले. आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना स्पेनमधून हाकलून देण्यात आलं. पिढ्यान्पिढ्या तिथेच जन्मलेली ही माणसं होती. त्यांतल्या पुष्कळांना एव्हाना अरबी येतही नव्हतं.

ती माणसं काय लिहीत होती? स्पॅनिशच लिहीत होती, पण अरबी अक्षरांत. या लिखाणाला 'अल्हामियादो' म्हणतात. भाषा गेली, लिपी तेवढी उरली, तीत त्यांनी आपल्या दुवा, गोष्टी, वडिलोपार्जित शहाणपण लिहून ठेवलं. १८८४ मध्ये आरागोन प्रांतातल्या आल्मोनासिद दे ला सिएरा या गावी एक जुनं घर पाडताना खोट्या जमिनीखाली अशा हस्तलिखितांचा साठा सापडला. जाताना कोणीतरी ती लपवून ठेवली होती. परत येऊ अशी आशा असल्याशिवाय माणूस पुस्तकं लपवत नाही.

मी परतल्यावर अनेकांनी मला विचारलं, की आपल्या लोकांचं गेलेलं वैभव पाहून वाईट वाटलं का? विचारणाऱ्यांत हिंदू मित्र होते आणि मुसलमान नातेवाईकही. उर्दू कवितेत स्पेनच्या आठवणीची मोठी परंपरा आहे, इक्बालांनी कोर्दोबाच्या मशिदीवर लिहिलेली कविता तर प्रसिद्धच आहे. पण खरं सांगते, सुलतानांसाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ते माझे कोणी नव्हेत. माझे पूर्वज दख्खनच्या काळ्या मातीत राबत होते, ग्रॅनाडाच्या तख्ताशी त्यांचा काय संबंध? मला आपली वाटली ती ती अल्हामियादो लिहिणारी माणसं. जिथे राहतो तिथली भाषा हीच त्यांची भाषा झाली होती, आणि आजीकडून आलेली अक्षरं त्यांना सोडवत नव्हती. त्यांना हाकलून दिलं गेलं, त्याच सतराव्या शतकात आपल्याकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत 'योगसंग्राम' लिहीत होते, आणि मराठी माणसानं त्यांना संत म्हणून डोक्यावर घेतलं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे आपल्याकडे काय होतं आणि काय जपायला हवं ते कळतं.

१९८४ पासून अल्हंब्रा जागतिक वारशात आहे. त्याची देखभाल पाहून कोणालाही हेवा वाटावा. सिंहांची डागडुजी तर त्यांनी दहा वर्षं केली आणि २०१२ मध्ये ते पुन्हा चौकात आले. समोरच्या अल्बाइसिन टेकडीवर २००३ मध्ये नवी मशीदही उघडली, आणि तिच्या बागेतून संध्याकाळी अल्हंब्राच्या तांबड्या भिंती सुरेख दिसतात. जाणाऱ्यांनी जरूर जावं. तिकीट आधी काढावं, आणि जाण्यापूर्वी भिंतींवरच्या दोन-चार कवितांचा अर्थ वाचून ठेवावा. पण एक लक्षात असू द्यावं. भिंतीवरची भाषा राखायला तज्ज्ञ आणि पैसा पुरतो. बोलली जाणारी भाषा राखायला ती बोलणाऱ्या माणसाला घरात निर्धास्त राहता यावं लागतं.

आमच्या घरात दखनी बोलतात, नमाज अरबीत होते, आणि मी कविता मराठीत लिहिते. यातली एकच ठेव आणि बाकीच्या टाकून दे, असं मला आजवर कोणी सांगितलं नाही. हे केवढं मोठं सुख आहे ते मला ग्रॅनाडात समजलं. पुढच्या पिढीतल्या कोणावरही ते ऐकण्याची वेळ येऊ नये.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)